मॉरिशसचा नैर्ऋत्य कोपरा: भाड्याची गाडी, दोघं आणि डोंगरातला एक दिवस

मॉरिशसला जाणारी बहुतेक जोडपी नैर्ऋत्येचा डोंगराळ भाग ठरीव सहलीत उरकतात. नऊला गाडी हॉटेलच्या दारात येते, मग दोन दुकानांत थांबवते, अकराला रंगीत मातीचं गाव शामारेल आणि दुपारी बेटाच्या मधलं पठार. नेमका तेव्हाच पठारावर ढग बसलेला असतो. दरीच्या कठड्याशी उभं राहून पांढऱ्या पडद्याचे फोटो काढायचे आणि परतायचं. भाड्याच्या गाडीचा खरा फायदा पैशांपेक्षा वेळेचा आहे. इथलं अंतर किरकोळ, पूर्ण फेरी सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. पण कुठून शिरायचं आणि कुठल्या बाजूने उतरायचं, यावर अख्खा दिवस ठरतो. मुक्काम पश्चिम किनाऱ्यावर फ्लिक-आं-फ्लाकला आहे असं धरून पुढचा बेत दिला आहे.

पहिला दिवस: गाडी ताब्यात घेणं

विमानतळ बेटाच्या आग्नेयेला प्लेझान्सला आहे आणि फ्लिक-आं-फ्लाक तिथून साधारण ४५ किलोमीटर. फिनिक्सपर्यंत हमरस्ता, पुढे कात्र बोर्नवरून गावातले रस्ते. तासभर धरावा, संध्याकाळी चार ते सहा या वेळेत दीड तास. रहदारी आपल्यासारखी डावीकडून. त्यामुळे भारतीय माणसाला इथे पहिल्या दहा मिनिटांत सूर सापडतो. अडतं ते गोल चौकांत. उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, हा नियम तिथे खरोखर पाळला जातो. आपण सवयीने नाक पुढे घातलं, तर समोरचा थांबेल हे गृहीत धरू नये. कॅमेरे हमरस्त्यावर आणि गावांच्या तोंडाशी आहेत, त्याआधी फलकही असतो. हमरस्त्याची कमाल मर्यादा ताशी ११० आहे, पण वस्तीत ती बरीच खाली येते आणि जागोजागी बदलते. फलक वाचत जाणं हे शेजारी बसलेल्याचं काम.

भारतीय परवाना इंग्रजीत असतो, म्हणून काउंटरवर सहसा अडत नाही; आंतरराष्ट्रीय परवाना सोबत असेल तर उत्तम. मात्र मूळ कार्डच लागतं, मोबाईलमधली प्रत चालेल असं धरू नका. अनामत रक्कम क्रेडिट कार्डावर अडकवून ठेवतात आणि ते कार्ड चालवणाऱ्याच्याच नावावर असावं लागतं. डेबिट कार्ड पुष्कळ ठिकाणी नाकारतात. दोघंही चालवणार असाल तर दुसऱ्याचं नाव करारात घालून घ्या. नाव नसलेला माणूस चाकावर असताना घासलं, तर विम्याचा उपयोग नाही.

गाडीची नंबरपाटी बघा. रीतसर भाड्याच्या गाडीची पाटी पिवळी, टॅक्सीची पांढरी आणि खाजगी गाडीची काळी. काळ्या पाटीची गाडी निम्म्या भावात देणारे भेटतात. त्या गाडीचा विमा भाड्याने देण्यासाठी नसतो, म्हणजे अपघात झाला की सगळं तुमच्या अंगावर.

विम्याच्या कागदात दोन गोष्टी शोधायच्या. पहिली, नुकसान झालं तर आपल्या खिशातून जास्तीत जास्त किती जाणार तो आकडा. दुसरी, काय वगळलंय. टायर, काचा, रिम आणि गाडीचं पोट बहुतेक करारांत वगळलेलं असतं. डोंगरातल्या रस्त्यावर धोका याच चौघांना असतो, तेव्हा तेवढ्यासाठी वरचे पैसे भरणं आम्हाला योग्य वाटतं.

ताबा घेताना गाडीभोवती एक सलग व्हिडिओ काढा: चारही कोपरे, चारही रिम, पुढच्या बंपरची खालची कड, समोरच्या काचेवरचे टवके, छत. मग आत बसून इंधनाचा काटा आणि किलोमीटरचा आकडा. त्यानंतर डिकीचा तळ उचला. स्टेपनी आहे, की नुसता पंक्चरचा फवारा आणि छोटा पंप? स्टेपनी असेल तर अंगठ्याने दाबून हवा बघा, जॅक आणि पाना आहे का बघा. वायपर पाणी मारून चालवून बघा. किनाऱ्यावर महिनोन्‌महिने न लागलेलं वायपरचं रबर उन्हाने कडक होतं आणि पठारावर पहिल्याच सरीत काचेवर रेघा ओढायला लागतं. हँडब्रेक तिथल्याच उतारावर ओढून बघा.

गाडी कुठली घ्यावी? दोघांसाठी १,००० ते १,२०० सीसीची छोटी हॅचबॅक पुरे. मोठी एसयूव्ही घेतली की डोंगर सोपा होतो असा समज आहे. प्रत्यक्षात इथे रस्ते अरुंद आहेत, कडेला काळ्या दगडाची भिंत किंवा खोल उघडं गटार आहे, आणि समोरून बस आली की वीतभर रुंदीही महाग पडते. ऑटोमॅटिक घेणार असाल तर गिअरच्या दांड्यावर ‘एल’ किंवा ‘२’ किंवा हाताने गिअर बदलायची सोय आहे का ते विचारा. उतारावर ती लागते.

संध्याकाळी काही बघायला जाऊ नका. कास्काव्हेलच्या सुपरमार्केटमधून तीन लिटर पाणी, फळं, काहीतरी खारं घ्या आणि सुट्टे पैसे करा. मॉरिशसचा रुपया म्हणजे साधारण पावणेदोन ते दोन भारतीय रुपये. नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवा, कारण दरीच्या भागात सिग्नल येतो-जातो. नकाशा ‘जवळचा रस्ता’ म्हणून उसाच्या मळ्यातली कच्ची वाटही दाखवतो. त्या वाटा साखर कंपन्यांच्या, पुढे साखळी लावलेली असते. डांबर संपलं की मागे फिरायचं.

या भागातल्या गावांत पाट्यांवर आणि नावांत ओळखीची आडनावं दिसतील. १८३४ नंतर गिरमिट करारावर उसाच्या मळ्यांत आणलेल्या मजुरांत रत्नागिरी-सावंतवाडीकडचेही होते, आणि त्यांच्या वंशजांची वस्ती पश्चिम आणि नैर्ऋत्य भागात चांगलीच आहे. जाखडी तिथे अजून नाचतात, शाळांत मराठी शिकवतात. घरात मात्र बोलतात क्रिओल, फ्रेंचवरून तयार झालेली तिथली बोली. मराठीत हाक मारली म्हणून धडाधड मराठीत उत्तर येईल अशी अपेक्षा नको. गणेशोत्सवाची तिथे सार्वजनिक सुट्टी असते आणि विसर्जनाच्या मिरवणुका किनाऱ्याकडे आणि नद्यांकडे निघतात. त्या दिवशी ही फेरी काढलीत तर वेळापत्रक विसरायचं.

दुसरा दिवस: डोंगर

*पावणेसात ते साडेआठ*

मॉरिशसचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे. तिथे सहा वाजतात तेव्हा आपल्या अंगात साडेसात झालेले असतात. पहिल्या दोन दिवसांत लवकर उठणं फुकट मिळतं, म्हणून हा डोंगराचा दिवस सहलीच्या सुरुवातीलाच घ्यावा. पावणेसातला निघा.

दक्षिणेकडे जाताना डाव्या हाताला डोंगरांची तुटकी, टोकदार रांग आणि उजवीकडे समुद्र. तामारँची जुनी मिठागरं रस्त्याला लागूनच आहेत. इथे दोन मिनिटं थांबून पूर्वेला बघायचं, कारण दिवसाचा निर्णय इथे होतो. आग्नेयेकडून येणारे व्यापारी वारे बेटाच्या मधल्या पठारावर चढतात, वर जाताना थंड होतात आणि ढग धरतात. पश्चिम किनारा डोंगराच्या आडोशाला असल्याने कोरडा राहतो. म्हणून फ्लिक-आं-फ्लाकला लख्ख ऊन असणं हा पठाराच्या हवेचा पुरावा नाही. माथे मोकळे दिसले तर ठरल्याप्रमाणे चला. सात वाजताच माथे गायब असतील तर शामारेल बघून पठार सोडा, आणि शामारेलहून शुआझीवरून थेट बे द्यु कापला उतरणारा जंगलातला रस्ता धरा. तो सुंदर आहे, पण उतार तीव्र आणि वळणं आंधळी. खालच्या गिअरवर उतरायचं.

टाकी किनाऱ्यावरच भरा. शामारेल सोडल्यावर पठार ओलांडेपर्यंत पंपाच्या भरवशावर राहता येत नाही. पेट्रोलचा भाव सरकार ठरवतं, बेटभर एकच; स्वस्त पंप शोधण्यात वेळ घालवू नका. पंपावर माणूस भरून देतो. सव्वाशे किलोमीटर, चढ आणि एसी धरून ८-९ लिटर लागतात.

ब्लॅक रिव्हर गाव ओलांडलं की काही किलोमीटरवर काज नुआयाल. समुद्राला लागून असलेल्या चर्चजवळ डावीकडे शामारेलचा फाटा. इथून समुद्रसपाटी सोडून जेमतेम चार-पाच किलोमीटरांत अडीचशे मीटरच्या वर चढायचं आहे. वळणं केसाच्या चिमट्यासारखी. एसी बंद करा. छोट्या इंजिनाची ताकद चढावर तोच खातो आणि सकाळी त्याची गरजही नसते. ऑटोमॅटिक गाडी सारखी वरच्या गिअरात जाऊन गुदमरत असेल तर दांडा खाली ओढून ‘२’वर ठेवा. वळणाच्या आत शिरण्याआधी वेग कमी, वळणात फक्त हलका अॅक्सिलरेटर. समोरून बस आलीच तर ती वळणात तुमची अर्धी बाजू घेणार. वळणाच्या अलीकडेच थांबून तिला जाऊ द्या. गडबडीत डावीकडे सरकण्याचा मोह टाळा. अशा गाड्यांचं डावं पुढचं चाक गटारात उतरतं ते याच क्षणी, आणि मग रिम, टायर आणि बंपरची कड तिन्ही जातात.

अर्ध्या चढावर डाव्या-उजव्या बाजूंना दोन-तीन ठिकाणी गाडी लावण्याइतकी जागा आहे. खाली खाजण, पलीकडे बेनितिए बेट आणि दक्षिणेला ल मॉर्न ब्राबाँचा ५५६ मीटरचा सुटा कडा. सकाळी सूर्य आपल्या पाठीमागून येतो, म्हणून प्रवाळाच्या आतला उथळ पाण्याचा निळा-हिरवा पट्टा इथून स्वच्छ दिसतो. दुपारनंतर याच ठिकाणी नुसती चकाकी दिसते.

*साडेआठ ते दहा: शामारेल*

सप्तरंगी मातीच्या उद्यानाचं दार साडेआठच्या सुमारास उघडतं. तिकीट गाडीत बसूनच खिडकीतून काढायचं, परदेशी पर्यटकांचा दर वेगळा. आत गाडी न्यायची असते: आधी धबधब्याचा थांबा, मग पुढे रंगीत मातीचा. मोठ्या बसगाड्या दहाच्या आसपास येऊ लागतात आणि त्या आधी रंगीत मातीकडे धावतात. सकाळी पहिल्या अर्ध्या तासात पोहोचलात तर क्रम कसाही चालेल. उशीर झाला असेल तर धबधबा नंतर ठेवा, तिथली गर्दी लवकर पांगते.

शामारेलचा धबधबा एकाच झेपेत पडतो. उंची कुठे ८३, कुठे १०० मीटर सांगतात. आकड्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे मागचा कडा: लाव्ह्याचे थर एकावर एक बसलेले स्पष्ट दिसतात. दोन सज्जे आहेत, वरचा पायऱ्या चढून. वरूनच धबधब्याचं तळं पूर्ण दिसतं. जुलै ते ऑक्टोबरात पाणी बारीक होतं, जानेवारी ते एप्रिलमध्ये भरपूर.

रंगीत माती ही वाळूची टेकडी नाही. बेसाल्ट खडक दमट उष्ण हवेत कुजून त्याची चिकणमाती झाली. पावसाने त्यातली सिलिका आणि विरघळणारे क्षार धुऊन नेले. मागे राहिली लोह आणि अॅल्युमिनियमची ऑक्साइडं. लोहामुळे लाल-तांबडे-तपकिरी पट्टे, अॅल्युमिनियममुळे निळसर-जांभळे. कोकणातला जांभा दगड बघितलेल्या माणसाला ही कुळी लगेच ओळखू येईल. जांभ्यासारखीच ही प्रक्रिया आहे, फक्त इथे रंग वेगवेगळे बसलेत आणि वर गवत उगवत नाही. डोक्यावर ऊन आलं की सगळं एकसारखं विटकरी दिसतं, म्हणून सकाळचं तिरपं ऊन हवं. पाऊस पडून तासभर झाला असेल तर रंग गडद होतात. कुंपणाच्या आत पाय टाकायचा नाही. एक पाऊल पडलं तरी ते पुढच्या पावसात ओघळ होतं. सात रंग मोजायला जाऊ नका, चार-पाच नीट दिसतात. शेजारी अल्दाब्रा जातीची महाकाय कासवं आहेत. सगळं मिळून दीड तास पुरतो.

गावात रमचा कारखाना आहे, २००८ पासूनचा, उसाच्या ताज्या रसापासून रम काढतात. कारखाना बघण्यासारखा आहे, पण चव घेणं फक्त न चालवणाऱ्याने करावं. २०१८ पासून तिथे रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा १०० मिलिलिटरला २० मिलिग्रॅम आहे, म्हणजे जवळजवळ शून्यच. दोन छोटे पेलेही ती ओलांडतात. दोघांपैकी कोणालाच सोडवत नसेल तर बाटली घ्या आणि रात्री हॉटेलवर उघडा. इथे पिकणारी कॉफी घ्यायला हरकत नाही.

*दहा ते साडेअकरा: पठार*

शामारेलहून पूर्वेला निघालं की चढ सुरू राहतो. थोड्याच वेळात ऊस संपून जंगल लागतं. हे ब्लॅक रिव्हर गॉर्जेस राष्ट्रीय उद्यान, १९९४ मध्ये जाहीर झालेलं, साडेसहा हजार हेक्टरांहून थोडं मोठं. रस्ता प्लेन शाम्पान्यवरून जातो, सातशे मीटरच्या वर. आंबोलीच्या उंचीचं म्हणा, आणि हवाही तशीच: किनाऱ्यापेक्षा पाच-सहा अंश थंड, पाच मिनिटांत ऊन, पाच मिनिटांत भुरभुर. पातळ विंडचीटर मागच्या सीटवर ठेवा, डिकीत नको.

इथे काच आतून धुरकटते. दोघांच्या श्वासाची वाफ आत असते आणि बाहेरची काच अचानक थंड होते, म्हणून पाण्याचा थर आतल्या बाजूला बसतो. फडक्याने पुसून तो पुन्हा येतो. एसी चालू करा, हवा समोरच्या काचेवर सोडा, तापमान थोडं वाढवा आणि आतली हवा फिरवण्याचं बटण बंद करून बाहेरची हवा घ्या. मिनिटभरात काच साफ. धुकं दाट असेल तर हेडलाइट खाली ठेवा. वर केला की पांढरी भिंतच समोर उभी राहते.

गॉर्जेसचं दृश्यस्थळ रस्त्याला लागूनच, वाहनतळापासून शंभरेक पावलं. समोर दरी समुद्रापर्यंत उघडते, डावीकडे ८२८ मीटरचं बेटावरचं सर्वांत उंच शिखर, पितॉन द ला पतित रिव्हिएर नुआर. कठड्याशी पाच मिनिटं शांत उभं राहिलात तर खाली दरीत लांब शेपटीचे पांढरे पक्षी घिरट्या घालताना दिसतात. पाय-आं-क्यो म्हणतात त्यांना, समुद्रपक्षी असून कड्यात घरटी करतात. मॉरिशसचा खंड्याएवढा छोटा ससाणा दिसला तर नशीब. १९७४ मध्ये जंगलात त्याचे अवघे चार पक्षी माहीत होते. पिंजऱ्यात पैदास करून आणि सोडून तो परत आणला.

माकडं मात्र नशिबाशिवाय दिसतात. पिशवी, चष्मा, हातातला केळ्याचा घड, सगळं जातं. खाऊ घालू नका आणि गाडीच्या काचा पूर्ण वर करा. वाहनतळावर तिखटमीठ लावलेलं अननस मिळतं. ते खायचं तर गाडीत बसून.

मार्च ते जुलैच्या दरम्यान रस्त्याच्या कडेला वेड्यावाकड्या लावलेल्या गाड्या दिसतील. स्थानिक लोक लाल चिनी पेरू तोडायला आलेले असतात. फळ आंबटगोड, छान. झुडूप मात्र ब्राझीलचं आणि या जंगलाचा सर्वांत मोठा शत्रू: त्याची दाटी झाली की खाली आबनुसासारख्या देशी झाडांचं रोपच उगवत नाही. पेरू खाण्यात पाप नाही, पण वळणावर गाडी लावू नका.

पुढे दोन-तीन किलोमीटरवर अलेक्झांड्रा धबधब्याचा फाटा. धबधबा लांबून दिसतो आणि बारीक आहे. खरं बघायचं ते दक्षिण किनाऱ्याचं दृश्य आणि फाट्यापासूनची झाडी. ढग आलेला असेल तर हा थांबा गाळा. शिखरावरची पायवाट किंवा पेत्रँहून माशाबेच्या जंगलातली चाल याच दिवसात कोंबू नका, तिला वेगळी सकाळ हवी.

*साडेअकरा ते दोन: गंगा तलाव आणि चहा*

पेत्रँच्या चौकातून ग्राँ बासँ, म्हणजेच गंगा तलाव, जवळ आहे. रस्ता अचानक रुंद होतो. महाशिवरात्रीला कावड घेऊन लाखो लोक बेटभरातून चालत येतात, त्यांच्यासाठी तो तसा केलेला. त्या आठवड्यात रस्ते एकेरी करतात, तेव्हा गाडीने इकडे फिरकू नका. एरवी वाहनतळ प्रचंड आणि रिकामा. तलाव म्हणजे ज्वालामुखीचं जुनं मुख. १८९७ मध्ये त्रिओले गावच्या एका पुजाऱ्याला स्वप्नात हे पाणी गंगेशी जोडलेलं दिसलं, पुढच्या वर्षी पहिली यात्रा निघाली, आणि १९७२ मध्ये गोमुखाहून आणलेलं पाणी यात मिसळलं. दारातली शंकराची मूर्ती ३३ मीटर, २००७ मधली, वडोद्याच्या सूरसागर तलावातल्या मूर्तीवर बेतलेली. आम्हाला मूर्तीपेक्षा तलावाचा काठ आवडतो. घाट स्वच्छ, पाणी थंड, वारा जोरदार. हिंदी चालतं. मुलं प्रसादाची केळी ठेवतात आणि माकडं ती लगेच नेतात, तेव्हा हातात काही धरू नका.

भूक लागली असेल तर बुआ शेरीला चला, दहा-बारा मिनिटं. इथली चहाची लागवड १८९२ पासूनची. कारखाना यंत्रं चालू असताना बघण्यात मजा आहे आणि ती सकाळच्या पाळीत जास्त चालतात. सुट्टीच्या दिवशी जायचं तर आधी फोन करा. आपल्याला कोमेजवणं, कातरणं, आंबवणं, वाळवणं हे टप्पे नवे नाहीत. तळ्याकाठच्या टेकडीवर बसून व्हॅनिलाचा चहा पिणं हे इथलं खरं काम. दुपारचं जेवणही तिथेच मिळतं, दक्षिणेचा उतार समोर ठेवून. शाकाहारी असाल आणि भाव जास्त वाटला, तर सकाळी किनाऱ्यावरच्या गाडीवरून डाळपुरी बांधून घेतलेली असावी. ती जोडीने विकतात. मोठ्या पावट्याची भाजी, टोमॅटोचा रस्सा आणि मिरचीचा ठेचा वेगळा बांधून मागा, नाहीतर दुपारपर्यंत पुरीचा लगदा होतो.

*दोन ते सूर्यास्त: उतार आणि किनारा*

इथे दिशेचं गणित उलगडतं. शामारेलची बाजू तीव्र आहे, ती आपण चढून आलो. ग्राँ बुआवरून सुयाकला जाणारा उतार लांब आणि सौम्य. उलट्या दिशेने फिरलात तर दिवसाच्या शेवटी, थकलेल्या हातांनी, मावळता सूर्य डोळ्यांत घेऊन शामारेलची वळणं उतरावी लागतात, आणि ब्रेक तापतात ते तिथेच. सतत ब्रेक दाबून धरला की पॅड आणि डिस्क इतके तापतात की पकड कमी होते, जळका वास येतो आणि पेडल खोल जायला लागतं. तसं झालं तर खालचा गिअर टाकून सुरक्षित जागी थांबा, पंधरा-वीस मिनिटं गाडी तशीच निवू द्या, चाकांवर पाणी ओतू नका. तापलेली डिस्क वाकडी होते.

ऊसतोडणी जूनपासून डिसेंबरपर्यंत चालते. त्या काळात उसाचे ट्रक संथ चालतात आणि रस्त्यावर चिपाडं सांडतात. उभ्या उसाच्या दिवसांत चौकात बाजूचं काहीच दिसत नाही. पूर्ण थांबून, काच खाली करून, कानाने बघायचं.

सुयाकला ग्री ग्री. बेटाभोवतीची प्रवाळाची भिंत इथे तुटलेली आहे, म्हणून खुल्या महासागराची लाट सरळ काळ्या कड्यावर आपटते. पाण्यात उतरायचं नाही, फलकही तेच सांगतो. जवळच रोचेस्टर धबधबा, बेसाल्टच्या उभ्या खांबांवरून पडणारा. देखणा आहे, पण शेवटचा रस्ता उसातून कच्चा, खड्ड्यांचा, आणि गाडीचं पोट विम्यातून वगळलेलं. गाडी अलीकडे लावून चालत जा. वाटेत ‘मी दाखवतो’ म्हणत कोणी पुढे झालं तर पैशांचं आधीच बोलून घ्या किंवा नम्रपणे नको म्हणा. वेळ कमी असेल तर रोचेस्टर सोडा, ग्री ग्री नको.

सुयाकहून पश्चिमेला वळलं की समुद्र डाव्या हाताला येतो आणि मुक्कामापर्यंत डावीकडेच राहतो. गाडीही डावीकडूनच चालते, त्यामुळे कुठेही समुद्राच्या बाजूला थांबताना समोरची रहदारी ओलांडावी लागत नाही. बेल ओम्ब्रला १९२३ मधल्या ‘ट्रेव्हेसा’ जहाजाच्या बचावलेल्या खलाशांचं स्मारक आहे. बुडालेल्या जहाजाची एक होडी इथे लागली. बे द्यु कापजवळ मॅथ्यू फ्लिंडर्सचं: ऑस्ट्रेलियाचा किनारा मोजून परतताना तो १८०३ मध्ये इथे उतरला आणि फ्रेंच गव्हर्नराने त्याला साडेसहा वर्षं बेटावर अडकवून ठेवलं. दोन्ही रस्त्यालगत, पाच-पाच मिनिटांची.

माकोंदचं वळण चुकवू नका. रस्ता खडकाला वळसा घालून समुद्राला चाटत जातो, वर दगडी पायऱ्यांचा सज्जा. जागा चार-पाच गाड्यांची. भरलेली असेल तर वळणात न थांबता पुढच्या सरळ रस्त्यावर लावून मागे चाला. मोठ्या भरतीला पाण्याचे शिंतोडे रस्त्यावर येतात, तेव्हा वेग कमी.

ल मॉर्नला साडेचार-पाचला पोहोचावं. हा कडा पळून आलेल्या गुलामांचा आसरा होता आणि २००८ पासून तो जागतिक वारशाच्या यादीत आहे. सुरूच्या झाडांखाली सार्वजनिक किनाऱ्यावर गाडी लावा, दिसेल असं काही आत ठेवू नका. छायाचित्रांतला ‘समुद्राखालचा धबधबा’ इथून दिसत नाही. वाळू आणि गाळाच्या रेघांमुळे होणारा तो दृष्टिभ्रम विमानातूनच कळतो. सूर्यास्त जूनमध्ये पावणेसहाच्या अलीकडे, जानेवारीत सातच्या आसपास, आणि संधिप्रकाश फार टिकत नाही. सूर्य टेकला की निघा. परतीचा पाऊण-एक तास अंधारात जातो: कडेला दिवे तुरळक, माणसं गडद कपड्यांत, कुत्री रस्त्याच्या मधोमध.

किरकोळ धडक झाली आणि कोणाला लागलं नसेल, तर डॅशबोर्डच्या खणात दोन्ही चालकांनी मिळून भरायचा छापील फॉर्म असतो. तो जागेवरच भरून दोघांच्या सह्या घ्या, फोटो काढा आणि गाडी देणाऱ्याला लगेच फोन करा. फॉर्म नाही तर विमा नाही, असाच व्यवहार चालतो. पोलीस ९९९ किंवा ११२, रुग्णवाहिका ११४.

तिसरा दिवस: गाडी परत

इंधन घेतलं त्या खुणेपर्यंत भरा आणि पंपाची पावती घ्या. गाडी धुवायची गरज नाही, पण चिखलाने माखलेली दिली तर कुठे नेली होती हा प्रश्न येतो. लाल माती चाकांवर असेल तर पाणी मारून घ्या. परत देताना पहिल्या दिवशीसारखाच व्हिडिओ काढा आणि तपासणी करणाऱ्याची सही घेतल्याशिवाय किल्ली सोडू नका. ‘नंतर बघून कळवतो’ हे उत्तर मान्य करू नका. कार्डावर अडकलेली रक्कम सुटायला भारतीय बँकांत काही दिवस ते दोन-तीन आठवडे जातात. तोवर कराराची प्रत आणि दोन्ही व्हिडिओ पुसू नका.